केसांच्या मुळाशी

लोकांच्या डोक्याला हात लावणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या न्यूअर्कमधल्या एका हॉस्पिटलात मी ईईजी टेक्नॉलॉजिस्ट आहे, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख काढते. फिट येऊन गेलेली, बोलता बोलता मध्येच हरवणारी, शुद्धीवर न येणारी माणसं समोर असतात. नाकाच्या मुळापासून कवटीच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावायची, मग या कानापासून त्या कानापर्यंत, मेणाच्या पेन्सिलीने खुणा करायच्या. एकेका खुणेवरचे केस बाजूला सारायचे, कातडी हलकी घासायची, पेस्टचा ठिपका ठेवायचा आणि त्यात इलेक्ट्रोड दाबून बसवायचा. असे एकवीस.

सगळी मदार कातडीवर. मध्ये केस आले, तेल आलं, हवा राहिली, की आलेखात खरखर उमटते. इम्पिडन्स, म्हणजे कातडी आणि इलेक्ट्रोड यांच्यामधला विजेचा अडथळा, पाच किलोओमच्या आत ठेवा, हे शिकतानाच घोकून घेतलेलं असतं. मधोमध भांग पाडला की दोन्हीकडे गपगुमान पडणारे केस घेऊन मी मिरजेत वाढले. या पाच किलोओममध्ये काही राजकारण असेल असं मला तिथे राहून कधीच वाटलं नसतं. न्यूअर्कची जवळजवळ निम्मी वस्ती कृष्णवर्णीय आहे. इथे पहिल्याच वर्षी वाटायला लागलं.

तपासणीच्या आधी पेशंटला घरी पत्र जातं. केस धुऊन या, तेल-क्रीम लावू नका, विग, वीव्ह (आपल्या केसांत शिवून घेतलेले परके केस) आणि वेण्या काढून या. ओळ साधी आहे, पण ज्याने लिहिली त्याला ती किती महाग पडते याचा पत्ता नसणार. बॉक्स ब्रेड्स, म्हणजे डोकंभर बारीक चौकोनी भांग पाडून घातलेल्या सुट्या वेण्या, घालायला चार ते आठ तास लागतात. दोनशे डॉलर सहज जातात. त्या सहा-आठ आठवडे टिकाव्यात म्हणूनच घातलेल्या असतात. सोडवायला एक अख्खी संध्याकाळ आणि एखादी बहीण किंवा मैत्रीण लागते. हे सगळं कशासाठी, तर वीस-तीस मिनिटांच्या तपासणीसाठी. शिवाय पेस्टचे कण पुढे कितीतरी दिवस केसांत सापडत राहतात. मग बाई तपासणीच रद्द करते. फाइलमध्ये नोंद होते, 'पेशंटने सहकार्य केलं नाही.' ही नोंद मी इतक्यांदा वाचली आहे की आता वाचून राग येतो.

इथल्या बातम्यांत अलीकडे एक सूर ऐकू येतो. कृष्णवर्णीय बायकांच्या नैसर्गिक केसांना आता समाजात मान मिळू लागलाय, कायदे झालेत, जाहिराती बदलल्यात. खोटं काही नाही. पण हे घडलं कुठल्या क्रमाने? बदल आधी बायकांच्या स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात झाला, मग दुकानात, त्यानंतर कितीतरी वर्षांनी विधिमंडळात. आणि यंत्र, फॉर्म, पत्रातली ती ओळ, हे सगळ्यात शेवटी. ते अजून व्हायचंच आहे.

हा केस ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कातडीतलं मूळच वाकडं असतं आणि केसाचा छेद गोल नसून चपटा असतो, त्यामुळे केस उगवतानाच वळत वर येतो. काहींचा वळसा बॉलपेनातल्या स्प्रिंगइतका बारीक. ओले असताना खांद्याला टेकलेले केस सुकले की कानाशी जाऊन बसतात. डोक्यातलं तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरतं, इथे ते प्रत्येक वळणावर अडतं. म्हणून टोकं कायम कोरडी, आणि प्रत्येक वळण ही तुटायची जागा. कोरड्या केसांत कंगवा घालायचा नाही. केस ओले करून, भरपूर कंडिशनर लावून, भाग पाडून, टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवत जायचं. याला त्या 'वॉश डे' म्हणतात आणि त्यात खरोखरच दिवस जातो. धुणं, गुंता काढणं, पाणी-तेल-क्रीम असे थर देणं, दोन पदरी पीळ घालून वाळवणं. रात्री उशीच्या अभ्र्याने ओलावा शोषून घेऊ नये म्हणून सॅटिनचं बॉनेट. नैसर्गिक म्हणजे काही न करता सोडून दिलेले केस, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात इतकं काम सरळ केसांच्या बायकांनी केलं तर त्यांना नोकरी सोडावी लागेल.

आमच्या वॉर्डातल्या एका सीनियर नर्सबाईंकडून मी हे सगळं शिकले. त्या मला 'हनी' म्हणतात, मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे नावाआधी 'मिस' लावते. घराणं मूळचं साउथ कॅरोलिनाचं, आई-वडील कामासाठी उत्तरेत आलेले. त्यांच्या लहानपणी ईस्टरच्या आदल्या रात्री आई गॅसच्या शेगडीवर लोखंडी कंगवा तापवायची आणि मुलींना एकेक करून स्टुलावर बसवायची. 'कान धर', एवढीच आज्ञा. कान दुमडून धरायचा, मान हलवायची नाही, खांद्यावर टॉवेल. कंगवा केसांतून जाताना चरबीची चुरचुर आणि जळका वास. मानेवरच्या सगळ्यात बारीक कुरळ्या केसांना या बायका चक्क 'किचन' म्हणतात, आणि तिथेच चटका हमखास बसायचा. आठव्या वर्षी शाळेच्या फोटोसाठी पहिलं रिलॅक्सर लावलं. मिस सांगतात, 'झोंबायला लागलं तरी सांगायचं नाही, कारण लवकर धुतलं तर केस पुरते सरळ होत नाहीत. जितकी कळ काढाल तितके सरळ.'

रिलॅक्सरमध्ये असतं सोडियम हायड्रॉक्साइड, आपल्याकडे तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात तो कॉस्टिक सोडा. केसाचा आकार धरून ठेवणारे गंधकाचे बंध तो कायमचे तोडतो. नवीन केस मात्र मुळातून कुरळाच येतो, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा लावायचं. एकदा धरलं की सुटत नाही, म्हणून त्याला बायकांनीच नाव ठेवलं 'क्रीमी क्रॅक', मलईदार गर्द. टाळूवर जुने पांढुरके व्रण दिसले की मला आता विचारावं लागत नाही.

हे कुठून आलं, याचा माग फार मागे जातो. १७८६ साली लुइझियानावर स्पेनचं राज्य होतं. गव्हर्नर एस्तेबान मिरो याने फर्मान काढलं की स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस दागिन्यांनी, पिसांनी सजवायचे नाहीत, फडक्यात बांधायचे. गोऱ्या बायकांच्या बरोबरीने दिसू नयेत, हा त्यातला हेतू. बायकांनी फडकी बांधली, पण अशी रंगीत, उंच आणि डौलदार की तीच फॅशन झाली. पुढे १८६७ साली त्याच लुइझियानात गुलामीतून सुटलेल्या आई-बापांच्या पोटी सारा ब्रीडलव्ह जन्मली. धुणं धुऊन पोट भरणाऱ्या या बाईचे केस गळायला लागले, त्यातून तिने टाळूसाठी मलम विकायला घेतलं आणि मॅडम सी. जे. वॉकर या नावाने १९१० मध्ये इंडियानापोलिसला कारखाना काढला. गरम कंगव्याचा शोध तिचाच असं ठोकून सांगितलं जातं, ते खरं नाही. त्याचा प्रसार मात्र तिने केला. तिच्या नावाने आज नाकं मुरडणारे आहेत. मला ते पटत नाही. ज्या काळी धुण्याच्या टबाशिवाय दुसरं काम मिळत नव्हतं, त्या काळात तिने हजारो बायकांना कमाईचं साधन हातात दिलं.

साठच्या दशकात वारं फिरलं. 'ब्लॅक इज ब्यूटिफुल'चा काळ, डोक्याभोवती गोल मोकळा आफ्रो. १९७० मध्ये कृष्णवर्णीय चळवळीतल्या अँजेला डेव्हिसचं नाव एफबीआयच्या दहा 'मोस्ट वाँटेड'मध्ये आलं, तिचा आफ्रोवाला फोटो देशभर लागला आणि तसे केस असलेल्या कितीतरी बायकांना पोलिसांनी हटकलं. १९७१ मध्ये मेल्बा टॉलिव्हर ही न्यूयॉर्कची टीव्ही पत्रकार राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या मुलीच्या लग्नाचं वार्तांकन करायला व्हाइट हाउसला निघाली ती आफ्रो राखून. चॅनेलच्या साहेबांनी तिला पडद्यावरून दूर ठेवलं. त्याच वर्षी शिकागोची जॉन्सन प्रॉडक्ट्स ही कंपनी अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर आली, कृष्णवर्णीय मालकीची तिथली पहिली. ती केस सरळ करायचं सामानही विकायची आणि आफ्रोला चमक आणणारं 'आफ्रो शीन'ही. धंद्याला दोन्ही सारखंच.

मग लाट ओसरली. १९८१ मध्ये रेनी रॉजर्स या अमेरिकन एअरलाइन्सच्या कर्मचारी बाई कॉर्नरो, म्हणजे डोक्याला चिकटून ओळींत घातलेल्या, वेण्यांवरच्या बंदीविरुद्ध कोर्टात गेल्या आणि हरल्या. न्यायाधीशांचं म्हणणं असं की कातडीचा रंग बदलता येत नाही, वेणी बदलता येते, तेव्हा हा वंशभेद नव्हे. या एका तर्कावर पुढची तीस-पस्तीस वर्षं निघाली. अलाबामातल्या एका बाईंना २०१० मध्ये नोकरी मिळता मिळता गेली, कारण लॉक्स, म्हणजे दोरासारख्या वळून वाढवलेल्या बटा, कापायला त्यांनी नकार दिला. २०१६ मध्ये अपील कोर्टानेही तोच सूर लावला.

कोर्ट असं जागच्या जागी उभं असताना बायका मात्र पुढे निघाल्या होत्या. २००५ नंतर व्हिडिओ टाकणं कुणालाही जमायला लागलं, आणि कॉलेजातल्या मुली, नर्सा, शिक्षिका न्हाणीघरात कॅमेरा लावून आपले केस दाखवायला बसल्या. रिलॅक्सर लावलेला सगळा भाग एकदम कापून टाकायचा, उरेल तो बोटभर केस, याला 'बिग चॉप' म्हणतात. कित्येकींनी तो कॅमेऱ्यासमोर केला. पस्तिशीच्या बाईला आपल्या स्वतःच्या केसांचा पोत कसा आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळायचं, कारण आठव्या वर्षानंतर तो तिने पाहिलेलाच नसायचा. काय लावावं, कसा गुंता सोडवावा, हे आईला माहीत नव्हतं, आजीला आठवत नव्हतं. परक्या मुलींनी परक्या मुलींना ते शिकवलं. मिसनी पन्नाशी उलटल्यावर केस कापले ते मुलीच्या आग्रहावरून. त्यांच्या आई तेव्हा हयात होत्या. त्या म्हणाल्या, 'चर्चला अशी येणार आहेस?' मिस तशाच गेल्या.

कायदे आले ते यानंतर. कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ मध्ये 'क्राउन अॅक्ट' केला, म्हणजे केसांचा पोत आणि वेण्या, लॉक्स, ट्विस्ट यांवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव केला तर तो वंशभेद धरायचा. त्याच महिन्यात न्यूयॉर्क, आणि डिसेंबरात आमचं न्यू जर्सी. आमच्याकडे त्याला एक ताजं कारण होतं. डिसेंबर २०१८ मध्ये इथल्या एका शाळकरी कुस्तीगीराला पंचांनी सांगितलं, लॉक्स काप नाहीतर कुस्ती सोड. मॅटच्या कडेला कात्री चालवतानाचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. बरोबर एक वर्षाने त्याच तारखेला गव्हर्नरांनी सही केली. आता वीसहून जास्त राज्यांत हा कायदा आहे. देशाचा मात्र नाही. २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाला आणि सिनेटमध्ये अडकला. त्याच वर्षी केतांजी ब्राउन जॅक्सन बारीक सिस्टरलॉक्स मिरवत सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून बसल्या. आणि व्हाइट हाउसमधली आठ वर्षं केस सरळ ठेवलेल्या मिशेल ओबामांनी त्याच साली सांगितलं की वेण्या घालायचं मनात आलं होतं, पण लोक त्याला तयार नव्हते.

२०२२ मध्येच आमच्या हॉस्पिटलात सगळ्यात जास्त कुजबुज झाली ती एका अभ्यासाची. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३,४९७ बायकांची माहिती अनेक वर्षं जमवली होती. केस सरळ करणारी रसायनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण दुपटीहून अधिक निघालं. सत्तरीपर्यंत कॅन्सर होण्याचा धोका कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, या वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. मुळात हा आजार तसा कमी होणारा, हेही संशोधकांनी सांगितलं, आणि संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. तरी लंच रूममध्ये त्या दिवशी प्रत्येकजण बोटांवर वर्षं मोजत होती.

आपला संबंध इथे कुठे येतो? येतो, आणि पैशाच्या वाटेने येतो. तिरुपतीला नवसाचे केस उतरतात, त्यांचा लिलाव होतो, आणि त्यातले लांब, न रंगवलेले केस परदेशी जाऊन वीव्ह आणि विग होतात. न्यूअर्कच्या ब्यूटी सप्लायच्या दुकानात, ही दुकानं बहुतेक कोरियन मालकांची, 'इंडियन हेअर'ची पाकिटं भिंतभर टांगलेली असतात. देवाला वाहिलेले कुणा बाईचे केस दुसऱ्या बाईच्या डोक्यावर नोकरी टिकवायचं काम करतात. वीव्ह काढल्यावर मिसच्या भाचीने मला विचारलं होतं, 'तुमच्या बायकांना याचे पैसे मिळतात का?' नाही मिळत. देवस्थानाला मिळतात.

अलीकडे उलट दिशेची वाहतूकही दिसते. एडिसनच्या ओक ट्री रोडवर आमच्या वाण्याकडे आवळकाठी, शिकेकाई, माका, मेथी यांच्या फडताळापाशी कृष्णवर्णीय बायका हटकून भेटतात. हातात फोन, फोनवर रेसिपी. एकीने मला माक्याची पुडी दाखवून विचारलं, ही दह्यात कालवायची की पाण्यात? मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात माका तेलात उकळायचे. गल्ल्यावरच्या काकूंनाही ठाऊक नव्हतं. त्या बाईनेच मग आम्हा दोघींना कोरफडीच्या गरात कालवायची युक्ती सांगितली.

आणि पुण्याची माझी भाची. तिचे केस कुरळे, लहानपणी घरात सगळे तिला झिपरी म्हणायचे. आता ती सॅटिनचं बॉनेट घालून झोपते, केस ओले असतानाच जेल लावून मुठीत चुरगळते, 'लीव्ह-इन' (लावून न धुता ठेवायचं कंडिशनर) हा शब्द दिवसातून दहादा उच्चारते. हे सगळं कुणाच्या डोक्यावरून, कुणाच्या न्हाणीघरातून तिच्यापर्यंत आलं, ते तिला मीच सांगितलं. तिला ते सगळं एका मुंबईच्या ब्रँडने शोधून काढलंय असं वाटत होतं. त्या ब्रँडच्या बाटलीवर तरी कुठे काही लिहिलंय म्हणा.

आई इथे आली होती तेव्हाची एक गोष्ट. मिस घरी जेवायला आल्या. तोवर त्यांनी लॉक्स वाढवले होते, कमरेच्या वर, राखाडी. आई स्वयंपाकघरात मला दबक्या आवाजात म्हणाली, 'अगं, हिला जट झालीय. कुणी सोडवत नाही का?' आमच्या भागात जट आली की मुलीला देवीची समजून सोडायचे. अंनिसचे कार्यकर्ते अजून गावोगाव जाऊन बायकांना समजावत जट कापतात. आईने तसली मान दुखून वाकलेली बाई लहानपणी पाहिलेली. तिला मी सांगितलं की हे मुद्दाम वाढवलेत, धुते, मुळाशी वळून घेते, हवे तेव्हा कापेल. आई गप्प बसली. जेवताना तिने मला दुभाषी केलं, 'विचार त्यांना, तेल कुठलं लावतात.' मिस म्हणाल्या, कॅस्टर, जमैकाचं, काळं. एरंडेल म्हटल्यावर आईचा चेहरा उजळला आणि पुढचा अर्धा तास मला घास घेता आला नाही.

या चळवळीत सगळं गोडीगुलाबीचं आहे असं मात्र समजू नका. केसांच्या पोताला आकडे दिलेत, १ए पासून ४सीपर्यंत. जाहिरातीत 'नैसर्गिक' म्हणून जी मुलगी येते तिचे केस बहुतेक ३बीच्या आसपासचे, मोठ्या लडींचे, वाऱ्यावर हलणारे. ४सीवाली, जिचा वळसा सगळ्यात बारीक, ती इथेही मागच्या रांगेत. शिवाय क्रीमच्या एकेका डबीला वीस-बावीस डॉलर. मिसची मुलगी म्हणते, आधी केस सरळ न केल्याचं ऐकून घ्यायचो, आता वळसा नीट न दिसल्याचं. आणि विग घालणारीला कुणी हिणवलं की मिस स्वतः खवळतात. त्यांचे स्वतःचे दोन विग आहेत, लग्नाकार्याला काढतात.

राहिलं माझं यंत्र. कार्नेगी मेलन विद्यापीठात अर्नेल एटिएन या विद्यार्थिनीने, स्वतः कृष्णवर्णीय, साधी गोष्ट केली. केस बाजूला सारायच्या ऐवजी तिने इलेक्ट्रोडच्या खुणांना धरून कॉर्नरो वेण्या घालून घेतल्या, म्हणजे वेण्यांच्या मधल्या रेषांत कातडी आपोआप उघडी पडते. वर वेणीखाली अडकून घट्ट बसणाऱ्या क्लिपा बनवल्या. ईईजीचा शोध १९२० च्या दशकातला. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नाही, कारण इलेक्ट्रोड बनवणाऱ्यांच्या घरी कुणी वेण्या घालत नव्हतं. मेंदूच्या संशोधनातून अशा केसांची माणसं वगळली जायची, ती कित्येकदा 'आलेख नीट येत नाही' याच सबबीवर.

आमच्या हॉस्पिटलात त्या क्लिपा अजून आलेल्या नाहीत. पण वेण्यांच्या मधल्या रेषेत पेस्ट बसवायला क्लिप कशाला हवी? पत्रातली ती ओळ बदला म्हणून मी अर्ज दिलाय. फॉर्मच्या मजकुरासाठी वेगळी समिती आहे, तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा होते, आणि मागच्या बैठकीत पार्किंगच्या सूचनेवरच वेळ संपला. तोवर मी यादी बघून आदल्या आठवड्यात स्वतःच फोन करते. वीव्ह असेल तर काढावंच लागेल, ते स्पष्ट सांगते. वेण्या असतील तर, 'सोडवू नका. नव्या घालणार असाल तर कपाळापासून मानेपर्यंत सरळ मागे घाला, मधल्या रेषा रुंद ठेवा, त्या रेषांत तेल-जेल नको.' परवा एका आईने मुलीसाठी विचारलं, 'आणि टोकाला मणी घातले तर?'

'घाला की,' मी म्हटलं. 'फक्त तिला उताणी झोपवणार आहे, मानेखाली येणार नाहीत एवढं बघा.'